वेगमर्यादेचा भंग आणि त्यानंतरची कार्यवाही

वेगमर्यादा ओलांडली, पोलिसांनी अडवले अथवा कॅमेऱ्याने टिपले, दंड भरला आणि प्रकरण मिटले, अशी या गुन्ह्याविषयीची सर्वसाधारण समजूत आहे. व्यवहारापुरती ती खोटी नाही. बहुसंख्य प्रकरणे याच वाटेने जातात. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास दंडाची रक्कम हा या प्रकरणातील सर्वांत गौण भाग ठरतो. वेग कोणी व कशाने मोजला, आरोपाची सूचना किती दिवसांत मिळाली, आणि वाहन चालविण्याच्या परवान्याचे पुढे काय होणार, हे तीन प्रश्न त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात आणि त्याला २०१९ साली झालेल्या व्यापक दुरुस्तीत विखुरलेली आहेत. काही कलमे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्लिश कायद्याच्या वळणाची, तर काही कॅमेरा आणि संगणक यांच्या काळातील. एकाच अधिनियमात ती शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे वाहनचालकाची वस्तुस्थिती काय, हे ती एकत्र वाचल्यावाचून कळत नाही.

प्रथम मर्यादेचाच विचार करावयास हवा. कलम ११२ अन्वये निरनिराळ्या वर्गांतील वाहनांचा कमाल वेग केंद्र सरकार अधिसूचनेने ठरविते. ती छताप्रमाणे वरची मर्यादा होय. तिच्या आत राहून, एखाद्या रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप किंवा सार्वजनिक सुरक्षितता लक्षात घेऊन, राज्य सरकारला वा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला आणखी कमी मर्यादा घालता येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात : राजपत्रातील अधिसूचना आणि रस्त्यावर लावलेला फलक. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ राहणार नसेल तर अधिसूचनेची गरज नाही. फलकाला अशी सवलत दिलेली नाही. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाट भागात हलक्या वाहनांना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि बोरघाटात ती पुष्कळ खाली येते. जड वाहनांच्या मर्यादा दोन्ही ठिकाणी त्याहून कमी. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच क्षणी, शेजारून जाणाऱ्या दोन वाहनांपैकी एक निर्दोष आणि दुसरे दोषी असू शकते. घाट सुरू झाल्याचा फलक चालकाला वेळीच दिसला पाहिजे हा आग्रह केवळ सौजन्याचा नाही. स्थानिक मर्यादेच्या भंगाचा आरोप त्या फलकावरच उभा असतो.

मर्यादा ठरली, तरी ती ओलांडली गेली हे सिद्ध कसे करावयाचे? या गुन्ह्याचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. कलम १८३ मध्ये असे सांगितले आहे की, चालक बेकायदेशीर वेगाने जात होता असे केवळ एका साक्षीदाराचे मत असेल, तर तेवढ्यावरून कोणालाही दोषी ठरविता येणार नाही. ते मत यांत्रिक अथवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजणीवर आधारलेले आहे, असे दाखविले गेले पाहिजे. त्यातील ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द २०१९ चा. उरलेली तरतूद १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातून चालत आलेली आहे. खून, चोरी, मारामारी यांसारख्या गुन्ह्यांत एका विश्वासार्ह साक्षीदाराच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते आणि वेगाच्या क्षुल्लक वाटणाऱ्या गुन्ह्यात होऊ शकत नाही, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचे कारण इतिहासात सापडते.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील पॅडक वुड या गावी जानेवारी १८९६ मध्ये वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने ताशी दोन मैलांची मर्यादा असताना ताशी सुमारे आठ मैलांच्या वेगाने मोटार चालविली. एका शिपायाने सायकलीवरून पाठलाग करून त्याला गाठले, आणि वेगाबद्दल एक शिलिंग दंड झाला. वेगाच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेला पहिला मोटारचालक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. सायकलीवरच्या शिपायाने वेगाचा अदमास केवळ नजरेने घेतला असता, तर तो अदमास किती भरवशाचा मानावयाचा, हा प्रश्न त्यानंतरच्या काळात गंभीर झाला. १९०३ च्या इंग्लिश मोटार कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा घातली आणि त्याच कलमात, वेगाबाबत एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावरून शिक्षा होणार नाही, अशी पुस्ती जोडली. मग पोलीस रस्त्याचा मोजलेला टप्पा आखून, झुडपाआड दबा धरून, हातातील घड्याळाने वाहनाचा वेळ मोजू लागले. त्या सापळ्यांची चालकांना आगाऊ सूचना देण्याच्या हेतूने तेथे १९०५ मध्ये मोटारमालकांची संघटना स्थापन झाली. पोलीस आणि चालक यांच्यातील लपंडावाचा खेळ असा बराच जुना आहे. १९०३ ची ती पुस्ती पुढे ब्रिटिश अमदानीतील १९३९ च्या भारतीय कायद्यात आली, आणि तेथून आजच्या कलमात.

तिच्यामागील तत्त्व असे की वेग ही डोळ्यांनी पाहण्याची वस्तू नव्हे. ती मोजण्याची राशी आहे. समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग ताशी ८० किलोमीटर आहे की ९५, हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. ही उणीव यंत्र भरून काढते. महामार्ग पोलिसांच्या गस्ती वाहनांतून वापरली जाणारी लेसर बंदूक अवरक्त प्रकाशाचे अतिसूक्ष्म स्पंद लागोपाठ सोडते. प्रत्येक स्पंद वाहनावर आदळून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर ठरते, आणि अंतर किती त्वरेने बदलते त्यावरून वेग. रडारची पद्धत निराळी आहे. तेथे परत आलेल्या लहरींच्या वारंवारतेत पडलेला फरक मोजला जातो. दोन्ही साधने वाहनाच्या मार्गरेषेपासून तिरपी धरली असता वेगाचा काही अंशच त्यांच्या पदरी पडतो, त्यामुळे आकडा खऱ्याहून कमी येतो. उभ्या साधनाने घेतलेल्या मोजणीत ही चूक चालकाच्या फायद्याची असते. ‘बंदूक वाकडी धरली होती’ हा बचाव म्हणूनच सहसा कामास येत नाही.

तिसरी पद्धत सरासरी वेगाची. दोन ठिकाणी कॅमेरे वाहनाच्या क्रमांकपट्टीची व वेळेची नोंद करतात, आणि मधल्या अंतराला वेळेने भागले जाते. दहा किलोमीटरचा टप्पा ताशी १०० च्या वेगाने पार करण्यास सहा मिनिटे लागतात. तोच पाच मिनिटांत पार झाला असेल तर सरासरी वेग १२० होता, याबद्दल वादाला जागा उरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०२४ मध्ये जी वाहतूक-नियंत्रण यंत्रणा कार्यान्वित झाली, तीत हीही पद्धत आहे. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबावयाचा आणि तो मागे पडताच पुन्हा वेग घ्यावयाचा, ही चालकांची जुनी युक्ती तिच्यापुढे चालत नाही. या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या अंकगणितात आहे, आणि दुर्बलताही तेथेच : दोन घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील, अथवा मधले अंतर चुकीचे नोंदलेले असेल, तर प्रत्येक वाहनाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा पुन्हा होईल.

यंत्राची नोंद न्यायालयात पुरावा म्हणून यावयाची तर तिला आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र लागते, ही पूर्वीच्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब ची अट २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये कायम आहे. ती अट टाळता येणारी औपचारिकता नसून अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. तो वाद जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणुकीचा होता. वेगाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण कॅमेऱ्याच्या चित्रावर विसंबणाऱ्या प्रत्येक अभियोगाला तो निर्णय लागू पडतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३६ अ ला अनुसरून ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ अ समाविष्ट झाला. त्यानुसार यंत्राला राज्याच्या नियुक्त प्राधिकाऱ्याचे मान्यतापत्र हवे, ते दरवर्षी नव्याने घेतले पाहिजे, आणि पुढील भागावर इलेक्ट्रॉनिक देखरेख आहे असा इशारा देणारा फलक आधीच लावलेला असला पाहिजे.

पकडले जाण्याचे प्रकार दोन. पहिल्यात पोलीस वाहन थांबवितात. परवाना व कागदपत्रे दाखविणे चालकाचे कर्तव्य आहे. यंत्रावरील वेग त्याला दाखविला जातो, चलान तेथेच तयार होते, आणि तडजोड शुल्क भरावयाचे की न्यायालयात जावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या प्रकारात कोणीच कोणाला भेटत नाही. कॅमेरा क्रमांकपट्टी वाचतो, नोंदणीच्या माहितीकोशातून मालकाचे नाव निघते, आणि काही तासांनी अथवा दिवसांनी भ्रमणध्वनीवर संदेश येतो. (या संदेशांची नक्कल करून लोकांना लुबाडण्याचा धंदाही फोफावला आहे. चलानाच्या नावाने उपयोजनाची फाइल उतरवून घेण्यास सांगणारा संदेश सरकारी असू शकत नाही. चलान खरे की खोटे हे वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक घालून पाहावे.)

या दुसऱ्या प्रकाराच्या संदर्भात कलम २०९ चे महत्त्व विशेष आहे, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. कलम १८३ किंवा १८४ खालील अभियोगात पुढील तीनपैकी एक गोष्ट झाल्याशिवाय कोणालाही दोषी ठरविता येत नाही : गुन्ह्याच्या वेळीच, खटला भरण्याचा विचार केला जाईल अशी ताकीद चालकाला दिलेली असावी, किंवा गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व स्थळ सांगणारी नोटीस चौदा दिवसांच्या आत चालकाला वा नोंदणीकृत मालकाला बजावलेली अथवा नोंदणीकृत टपालाने पाठविलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. नाव-पत्ता रास्त प्रयत्न करूनही वेळेत मिळू शकला नाही, किंवा आरोपीच्याच वर्तनामुळे विलंब झाला, एवढेच दोन अपवाद. हीसुद्धा इंग्लिश परंपरा. तेथील १९३० च्या कायद्यात चौदा दिवसांच्या नोटिशीची अट होती आणि आजही ती तेथे पाळली जाते. हेतू असा की, अमुक दिवशी अमुक वळणावर काय घडले हे माणसाला आठवत असतानाच त्याला बचावाची संधी मिळावी. दोन महिन्यांनी त्याच प्रसंगाविषयी विचारले तर प्रामाणिक माणूसही निरुत्तर होईल.

आता वर उल्लेखिलेला नियम १६७ अ पाहिला तर त्यात नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असे म्हटले आहे. अधिनियम चौदा म्हणतो आणि त्याखालील नियम पंधरा. नियम अधिनियमाच्या वर जाऊ शकत नाही, हे अर्थनिर्वचनाचे प्राथमिक तत्त्व. त्यामुळे पंधराव्या दिवशी पाठविलेली नोटीस नियमात बसली तरी कलम २०९ च्या कसोटीला उतरणार नाही. एका दिवसाचा हा फरक वरवर किरकोळ वाटेल. पण त्याहून मोठा प्रश्न असा की, भ्रमणध्वनीवरील संदेश म्हणजे ‘नोंदणीकृत टपालाने पाठविलेली’ नोटीस होय काय? ‘बजावलेली’ या शब्दात तो बसवावयाचा, तर तो त्या माणसापर्यंत पोहोचला हे दाखवावे लागेल. आणि नोंदणीत असलेला भ्रमणध्वनी क्रमांक अनेकदा वाहन विकणाऱ्या दुकानदाराचा अथवा पूर्वीच्या मालकाचा असतो. नियमांतील मुदती बदलत राहतात, तेव्हा त्या ताज्या राजपत्रात पाहूनच बोलावे हे खरे. कलम २०९ चे शब्द मात्र अधिनियमाचे आहेत, आणि ते संसदेवाचून बदलू शकत नाहीत.

नोटीस मालकाला जाते, पण गुन्हा मालकाचा नसतो. कलम १८३ हे वाहन चालविणाऱ्याला, आणि आपल्या नोकराला अथवा ताब्यातील माणसाला तसे चालवावयास लावणाऱ्याला शिक्षा सांगते. वाहन कोणाच्या नावावर आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चालक कोण होता हे शोधण्यासाठी कलम १३३ आहे. अधिकार असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास कलम १८७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे माहिती दडविण्याची शिक्षा मूळ गुन्ह्याहून जड आहे. वाहन अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर चित्र पार पालटते. २०१९ च्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा मालक स्वतःच दोषी मानला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. हातात वाहन देणाऱ्या बापाला हे सहसा ठाऊक नसते.

दंडाच्या रकमेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९८८ च्या मूळ कलमात पहिल्या वेळी चारशे रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक वेळी एक हजारापर्यंत दंड होता. २०१९ नंतर हलक्या मोटार वाहनास एक ते दोन हजार आणि मध्यम व जड वाहनास दोन ते चार हजार असा झाला. तडजोडीच्या रकमा राज्य सरकारे ठरवितात. महाराष्ट्राने वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू केल्या. वाहतुकीचे नियम राबविणाऱ्या प्राधिकाऱ्यानेच नियम मोडल्यास त्याला दुप्पट शिक्षा सांगणारे कलम २१० ब आहे, याची नोंद केवळ कुतूहल म्हणून करावी.

पैसे भरण्याचे मार्ग मात्र वेगवेगळे असून त्यांचे कायदेशीर परिणाम एकसारखे नाहीत. पहिला मार्ग कलम २०० खालील तडजोडीचा. रक्कम भरली की खटला होत नाही. परंतु २०१९ मध्ये या कलमाला जोडलेली परंतुके फार थोडे चालक वाचतात. त्यांनुसार तडजोड झाली तरी, पुढे तोच गुन्हा ‘दुसऱ्यांदा’ घडला काय हे ठरविताना, हा पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. आणि परवान्यासंबंधीच्या कलम २०६ (४) च्या कार्यवाहीतून चालकाची सुटका होत नाही. म्हणजे भरलेली रक्कम खटला टाळते, इतिहास पुसत नाही. वाहनाचा मालक चालकाला न विचारता, ‘कटकट नको’ म्हणून, चलानाची रक्कम भरून टाकतो, तेव्हा नोंद कोणाच्या परवान्यावर चढते, हा प्रश्न गाडी एकाची आणि चालक दुसरा अशा प्रत्येक घरात आणि प्रत्येक कंपनीत उपस्थित व्हावयास हवा.

दुसरा मार्ग कलम २०८ चा. प्रकरण न्यायालयात गेले, तर समन्सावरच असे नमूद असते की, आरोपीने स्वतः वा वकिलामार्फत हजर राहावे, अथवा ठरलेल्या दिवसापूर्वी गुन्हा कबूल करून न्यायालयाने सांगितलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवावी. कबुली मनीऑर्डरच्या कुपनावरच लिहावयाची, अशी कलमाची भाषा आहे. २०१९ पासून दिल्लीत आणि नंतर महाराष्ट्रासह अन्य राज्यांत सुरू झालेल्या आभासी न्यायालयांत हेच काम संगणकाच्या पडद्यावर होते. या मार्गाने रक्कम भरणाऱ्याविरुद्ध पुढे कार्यवाही होणार नाही, आणि गुन्हा कबूल केला या कारणावरून तो परवाना धारण करण्यास अपात्रही ठरणार नाही, असे कलम २०८ म्हणते. तेव्हा पोलिसांकडे भरलेली रक्कम आणि न्यायालयात भरलेली रक्कम, खिशाला सारखीच जाणवली, तरी परवान्याच्या दृष्टीने सारखी नाही. कलम २०० ची नवी परंतुके आणि कलम २०८ चे जुने अभय यांचा मेळ कसा घालावयाचा, हा विषय स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे.

तिसरा मार्ग नाकारण्याचा. चलानातील चित्रात वाहन दुसरेच असेल, क्रमांकपट्टीची नक्कल झालेली असेल, फलक नसेल, नोटीस उशिरा आली असेल, तर प्रथम वाहतूक पोलिसांच्या तक्रार-व्यवस्थेकडे लेखी हरकत घ्यावी आणि ती फेटाळली गेल्यास न्यायदंडाधिकाऱ्यासमोर बचाव मांडावा. रक्कम भरल्यानंतर हरकत घेण्यात अर्थ राहत नाही. लोकअदालतीची वाटही आहे. महाराष्ट्रात दाखलपूर्व प्रकरणे म्हणून थकीत चलाने तिच्यापुढे ठेवण्यात येतात. तेथील निवाडा उभयपक्षी संमतीचा असल्याने त्यावर अपील नाही. मात्र लोकअदालतीची सूचना म्हणजे समन्स नव्हे, हा भेद संदेश वाचून घाबरणाऱ्याने लक्षात ठेवावा.

चौथा मार्ग कोणी शिकवीत नाही, पण सर्वाधिक रूढ आहे : काहीच न करणे. त्यालाही कायद्यात एक बाजू आहे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाला घेता येत नाही. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये असलेली ही मर्यादा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मुदत मोजताना तक्रार दाखल झाल्याचा दिवस धरावयाचा, दखल घेतल्याचा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये दिला. आणि न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. तेव्हा वर्षानुवर्षे साचलेल्या चलानांचे कायदेशीर बळ वाटते तितके भक्कम नसते. तथापि, हा आसरा घेणाऱ्याला शांत झोप मिळतेच असे नाही. जुने वाहन विकावयास काढले की खरेदीदार प्रथम थकीत चलानांची यादीच उघडून पाहतो.

आता परवाना, बोलीभाषेतील लायसन्स. कलम १८३ म्हणते की, दुसऱ्या वा नंतरच्या गुन्ह्याला कलम २०६ (४) नुसार परवाना ताब्यात घेतला जाईल. ते २०६ (४) उघडून पाहिले तर तेथे पहिला-दुसरा असा भेदच नाही : वेग, धोकादायक चालवणे, मद्यप्राशन इत्यादी गुन्हा झाला असे मानण्यास कारण असेल, तर अधिकाऱ्याने परवाना जप्त करून तो देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे परिवहन कार्यालयाकडे, पाठवावा. कलम १९ च्या नव्या उपकलमानुसार तो प्राधिकारी चालकाचे म्हणणे ऐकून घेतो. मग एकतर त्याला मोकळे करतो, किंवा सविस्तर कारणे नोंदवून पहिल्या गुन्ह्यास तीन महिने अपात्र ठरवितो. दुसऱ्या गुन्ह्यास परवाना रद्द होतो. या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील आहे. जप्त केलेल्या परवान्याची तात्पुरती पोच मिळते खरी, पण ती दाखवून वाहन चालविता येत नाही, असे कलमातच स्पष्ट म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना, वेगमर्यादा मोडणाऱ्यांचे परवाने किमान तीन महिने निलंबित करण्याची सूचना केली होती. पोलिसांचा अधिकार मात्र परवाना घेऊन पुढे पाठविण्यापुरताच आहे. निलंबनाचा अधिकार परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा, पोलीस अधिकाऱ्याचा नव्हे, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वेगाच्याच एका प्रकरणात दिला.

तीन महिने हा काळ सर्वांना सारखा नसतो. स्वतःची मोटार असलेला आणि पदरी चालक ठेवणारा गृहस्थ त्या काळात मागच्या आसनावर बसेल. मालमोटारीच्या अथवा भाड्याच्या मोटारीच्या चालकाला तेच तीन महिने म्हणजे तीन महिन्यांची उपासमार, आणि वर गेलेली नोकरी. प्राधिकाऱ्याने म्हणणे ऐकून घ्यावे आणि सविस्तर कारणे लिहावीत, ही अट त्याच्यासाठी जीवनमरणाची आहे. छापील मजकुरात नाव भरून काढलेला आदेश त्या अटीची पूर्तता करीत नाही. रकमेचेही तेच. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारण्याची पद्धत आहे आणि वेगमर्यादेच्या मोठ्या उल्लंघनाला ती लागू होते. ब्रिटनमध्ये किमान शंभर पौंड दंडाबरोबर परवान्यावर किमान तीन गुण चढतात आणि तीन वर्षांत बारा गुण झाल्यास सामान्यतः अपात्रता येते. पहिल्या किरकोळ चुकीला इशारा आणि सवयीच्या गुन्हेगाराला शिक्षा, अशी पायरी तेथे आहे. भारतात २०१४ च्या रस्ते परिवहन विधेयकाच्या मसुद्यात गुणपद्धती सुचविली होती; २०१९ च्या दुरुस्तीत ती आली नाही.

वेगाला इतके महत्त्व का द्यावयाचे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. उत्तर पदार्थविज्ञानात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० वरून १०० वर जाताना वेग एक चतुर्थांशाने वाढतो, पण आघाताची ऊर्जा निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्क्यांनी, वाढते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावल्याची नोंद असून, त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे दिले आहे. हा दुसरा आकडा जपून वापरावा. अपघातानंतर कारणाचा रकाना भरणाऱ्या पोलिसाजवळ वेग मोजण्याचे साधन क्वचितच असते, आणि रस्त्याची सदोष आखणी वा नसलेला दुभाजक यांपेक्षा ‘अतिवेग’ लिहिणे सोपे जाते. ज्या कायद्याने एका साक्षीदाराच्या नजरेवर विश्वास ठेवावयाचे नाकारले, त्याच देशाची आकडेवारी मात्र पुष्कळ अंशी तसल्याच नजरेवर उभी राहते.

वेग मर्यादेच्या आत असला म्हणजे चालक निर्धास्त, असेही नाही. पावसात, धुक्यात, शाळा सुटण्याच्या वेळी, कायदेशीर वेगही लोकांना धोकादायक ठरू शकतो. तेथे कलम १८४ लागते, आणि तीत पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद अथवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कोणी दगावल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (१) पुढे येते व शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. अशा खटल्यात वेगाची यांत्रिक मोजणी फारच थोड्या वेळा उपलब्ध असते. रस्त्यावरील चाकांच्या खुणा, वाहनाचा झालेला चुराडा आणि बघ्यांच्या जबान्या यांवर न्यायालयाला निष्कर्ष काढावा लागतो.

कलम १८३ चे शेवटचे उपकलम अल्पपरिचित आहे. एखादा प्रवास ठरावीक वेळेत पूर्ण करावा असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले, किंवा तसा आदेश दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तो प्रवास त्या वेळेत होणे व्यवहारात शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर ते वेळापत्रक अथवा तो आदेश हाच, तो देणाऱ्याने गुन्हा केल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जाईल. बसकंपन्यांच्या चढाओढीच्या काळात ही तरतूद निर्माण झाली. रातराणी बसचे वेळापत्रक, मालमोटारीच्या चालकाला दिलेली ‘पहाटेपर्यंत बाजारात पोहोच’ ही तंबी, आणि काही वर्षे गाजलेल्या दहा मिनिटांत घरपोच माल देण्याच्या जाहिराती, या सर्वांना हे उपकलम लावून पाहण्यासारखे आहे. जाहिरातीतील वचन म्हणजे ‘आदेश’ होय काय, दुचाकीवरून माल पोहोचविणारा तरुण कंपनीचा ‘नोकर’ की ‘ताब्यातील माणूस’ की दोन्ही नव्हे, हे प्रश्न शब्दार्थाचे दिसतात. पण कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या तरुणाचा परवाना जाणार की त्याला घड्याळ लावून देणाऱ्यालाही न्यायालयात उभे राहावे लागणार, हे त्यांच्या उत्तरावर ठरते. अंतर आणि दिलेला वेळ हे दोन्ही आकडे अशा प्रकरणात मालकाच्याच नोंदवहीत असतात. भागाकार करण्यास लेसर बंदूकही लागत नाही.